काहीच न दाबणारी माणसं

आमच्या कारखान्यात शंभरएक माणसं आहेत आणि झाडून सगळी माझ्या वहिनींना 'वहिनी' म्हणतात. दोष माझा. बावीस वर्षांपूर्वी मी आवक-जावकला लागलो आणि पहिल्याच दिवशी भर ऑफिसात "वहिनी, माझा डबा तुमच्या पिशवीत राहिला हो" अशी हाक मारली. ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. थोरले साहेब निवृत्त होईपर्यंत वहिनी म्हणत होते, आता धाकटे साहेबही म्हणतात. मला ही नोकरीही त्यांच्यामुळेच मिळाली. त्या टेलिफोनच्या बोर्डावर बसायच्या, आणि कुठे जागा रिकामी झाली ही बातमी त्यांच्या कानावरून गेल्याशिवाय पुढे सरकतच नसे.

"मी कुणाचं चोरून ऐकत नाही हो भाऊजी," त्या म्हणायच्या. "कानात येऊन पडतं, त्याला मी काय करू?"

आमची कंपनी कानाची मशीन बनवते. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांनी कानात घालायची ती. बनवते, विकते आणि पुढे वर्षानुवर्षं दुरुस्त करून देते. त्यामुळे आमच्याकडे येणारे फोनही जगावेगळे. दुसरीकडे गिऱ्हाईक ओरडलं म्हणजे ते चिडलेलं असतं. आमच्याकडे त्याला नुसतं ऐकू येत नसतं. मशीन बंद पडलं म्हणून फोन करायचा, आणि मशीन बंद पडलंय म्हणून फोनवरचं ऐकू यायचं नाही, असा सगळा घोळ.

सत्तावीस वर्षांत वहिनींनी यावर आपलं एक शास्त्र बसवलं होतं. ओरडायचं नाही, ओरडलं की शब्द फाटतो. आवाज खाली आणायचा. एका वेळी एकच गोष्ट सांगायची आणि समोरचा 'हां' म्हणेपर्यंत पुढे जायचं नाही. तिसरी घंटा संपायच्या आत फोन उचलायचा, आणि पहिलं वाक्य ठरलेलं: "हं, मी ऐकतेय. सावकाश सांगा." कंपनीचं नाव, नमस्कार वगैरे सगळं त्यानंतर. जेवायलासुद्धा त्या बोर्डावरून उठत नसत. एका हातात डबा, गळ्यात हेडफोन.

घरीही त्यांचं बोलणं असंच. मी लग्नाच्या भानगडीत पडलो नाही. दादा आणि वहिनी खाली राहतात, मी वरच्या खोलीत, आणि जेवायला खाली. दादा शिवणाची मशीन दुरुस्त करतो. तो वहिनींना चिडवायचा, "अगं, मी गिऱ्हाईक नाही, नवरा आहे. जरा भरभर बोल." मला मात्र त्यांचं बोलणं आवडायचं. हल्ली माणसं फार पुटपुटतात. धाकटे साहेब पुटपुटतात, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायका पुटपुटतात, दादा तर तोंडात सुई धरून बोलतो. जिभेला जरा कष्ट द्यावेत असं कुणाला वाटतच नाही.

तर आमचा जुना बोर्ड मेला. वर्षभर आजारीच होता. एका लाइनवर दोन माणसं बोलायची, मधूनच खरखर. ज्या कंपनीने बनवला तीच बंद पडलेली, सुटे भाग मिळेनात. मागच्या बाजूला एक चिकटपट्टी होती: उघडल्यास आमची जबाबदारी नाही. मी घरी हे सांगितल्यावर दादा हसला होता. "जे उघडता येत नाही ते आपलं नसतं रे," म्हणाला. "ते आपल्याकडे नुसतं राहायला असतं."

मग धाकट्या साहेबांनी इंटरनेटवर चालणारे फोन आणायचं ठरवलं, आणि ते काम कॉम्प्युटरवाल्या बाईंकडे दिलं. या आमच्या कंपनीतल्याच. वय पस्तिशीचं, बोलणं कात्रीसारखं, पण मन साफ. त्यांनी एक जुना कॉम्प्युटर पुसून घेतला, त्यात फोनचं सॉफ्टवेअर बसवलं आणि दोन दिवसांत सगळ्यांच्या टेबलावर नवे फोन लागले. वहिनींच्या टेबलावर एक लहानसं यंत्र आलं, नंबर नऊ. माझा चौदा.

वहिनींनी बाईंना पहिला प्रश्न विचारला, "हे उघडता येतं का गं?"

"वहिनी, सगळंच्या सगळं," बाई म्हणाल्या. "ओपन सोर्स आहे. आत काय लिहिलंय ते कुणीही वाचायचं, हवं तर बदलायचं. कुणाची परवानगी लागत नाही. मी काल अडले होते, हे लिहिणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गटावर प्रश्न टाकला. चहा होईपर्यंत उत्तर आलं. कुठल्या देशातून आलं तेही माहीत नाही."

"यांना पगार कोण देतं?"

"बऱ्याच जणांना कोणीच नाही."

वहिनींनी कॉम्प्युटरच्या त्या काळ्या डब्याकडे एकदम आदराने पाहिलं. "म्हणजे भली माणसं आहेत," म्हणाल्या.

भल्या माणसांनी भलं केलं, पण धाकट्या साहेबांच्या डोक्यात दुसरंच होतं. नव्या फोनमध्ये मेनू होता. फोन लावला की एक गोड आवाजाची बाई, पैसे देऊन रेकॉर्ड करून आणलेली, मागे संगीत: दुरुस्तीसाठी एक दाबा, नव्या मशीनसाठी दोन, कुरियरसाठी तीन. तीन वेळा सांगायचं, आणि तरी कुणी काही दाबलं नाही तर फोन बंद. हे फोन बंद करायचं साहेबांनीच बाईंकडून लिहून घेतलं होतं. "टाइमपास करणारे फोन आपोआप गळतील," असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी वहिनींना बोलावलं आणि चांगल्या शब्दांतच सांगितलं, "वहिनी, एक महिना बघू. मेनूने काम भागलं तर त्या खुर्चीची गरज नाही. तुमची नोकरी कुठे जात नाही. तीन वर्षं राहिलीत ना? पॅकिंगला बसा आरामात."

पॅकिंगची खोली मी रोज बघतो. लांब टेबल, स्पंजचे चौकोनी डबे, आणि प्लास्टिक चिकटवणाऱ्या यंत्राचा अखंड घरघराट. तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, बोलून उपयोगच नसतो. कामात वाईट काही नाही. पण सत्तावीस वर्षं माणसं ऐकलेल्या बाईला तिथे बसवणं म्हणजे माशाला फळीवर ठेवण्यासारखं होतं. त्या रात्री जेवताना दादाने विचारलं तेव्हा वहिनी म्हणाल्या, "मला डबे भरायला लाज नाही वाटत. पण मग फोन आला की कोण 'हं' म्हणणार?"

महिना सुरू झाला आणि पहिला दिवसभर नऊ नंबर गप्प राहिला. माझ्या चौदावर मात्र कटकट सुरू झाली, कारण तीन दाबलं की फोन माझ्याकडे यायचा. मी कामाचा माणूस, पाकिटं चढवू की हॅलो हॅलो करत बसू? नव्या फोनमधली एकच विद्या मी मन लावून शिकलो: आपला फोन दुसऱ्याकडे कसा वळवायचा. दुसऱ्याच दिवशी मी चौदा कायमचा नऊवर वळवून टाकला. वहिनी ते फोन घ्यायच्या, चिठ्ठीवर लिहायच्या आणि शिपायाबरोबर माझ्याकडे धाडायच्या. जुन्या बोर्डावरही असंच चालायचं, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही.

धाकटे साहेब खूश होते. "फोन निम्म्यावर आले," ते सगळ्यांना सांगत सुटले. "म्हणजे तक्रारी निम्म्यावर आल्या."

वहिनींना ते पटेना. त्यांची नेहमीची माणसं कुठे गेली? शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या त्या, दर पंधरा दिवसांनी सेल मागवायच्या. आणि शिट्टीवाले आजोबा. त्यांचं मशीन कानात शिट्टी मारायचं आणि दर सोमवारी दहा वाजता ते तक्रार करायचे. दोन सोमवार कोरडे गेले. दहाव्या दिवशी वहिनी उठल्या आणि बाईंच्या टेबलापाशी गेल्या. मी शेजारीच पाकिटं मोजत होतो.

"हा डबा काही लिहून ठेवतो का गं? कुणाचा फोन आला, काय झालं?"

"सगळं लिहून ठेवतो, वहिनी. बघायचंय?"

पडद्यावर ओळीच्या ओळी आल्या. नंबर, वेळ, काय दाबलं, किती वेळ. वहिनींनी चष्मा लावला आणि बोट फिरवत निघाल्या. मग थांबल्या. "हे बघ. काही दाबलं नाही, दोन मिनिटं दहा सेकंद, बंद. पुन्हा तोच नंबर. काही नाही, बंद. पुन्हा." तो आजोबांचा नंबर होता. त्यांनी अकरा वेळा फोन केला होता. त्याखाली मुख्याध्यापिका, सहा वेळा. वहिनींना नंबर तोंडपाठ. एकेका ओळीवर बोट ठेवून त्या माणूस सांगत गेल्या. दहा दिवसांत एकशे बेचाळीस फोन, आणि कुणी काहीच दाबलं नव्हतं.

"अगं, दाबतील कसे?" त्या म्हणाल्या. त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढलेला मी पाहिला. "काय दाबायचं ते ऐकू आलं तर ना! मशीन बिघडलंय म्हणून तर फोन केलाय त्यांनी!"

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कानाच्या मशीनची कंपनी, आणि दारात उभा केला बोलणारा मेनू, तोही संगीत लावून. एवढी शिकली-सवरलेली माणसं, आणि एकाच्याही डोक्यात हे आलं नाही. माझ्याही नाही. माझ्या डोक्यात का आलं नाही ते पुढे येईलच.

"ही फोन बंद करायची ओळ कुठे आहे?" वहिनींनी विचारलं.

बाईंनी ती दाखवली. नेहमीची फाइलच होती, अक्षरं आणि आकडे. बाईंनी समजावलं आणि वहिनींनी आधी कागदावर लिहून घेतलं, मग एका बोटाने स्वतः टाइप केलं. फोन बंद करायच्या जागी नऊ. तेही पहिल्याच खेपेला; तीनदा ऐकवत बसायचं नाही. वरच्या ओळीत, जिथे माणसांसाठी टीप लिहितात, तिथे बाईंनी लिहिलं: काहीच न दाबणारी माणसं वहिनींकडे.

"साहेबांना विचारायला नको?" वहिनी म्हणाल्या.

"उद्या सांगते. आधी चालतंय का बघू."

दुसऱ्या दिवशी सोमवार नव्हता, पण आजोबा आता वार बघत नव्हते. दहा वाजून दोन मिनिटांनी नऊ नंबर वाजला. वहिनींनी दुसऱ्या घंटेलाच उचलला. "हं, मी ऐकतेय. सावकाश सांगा."

पलीकडून आजोबा एवढे ओरडले की शेजारच्या टेबलावर ऐकू गेलं, असं बाई सांगतात. "कुठे होतीस गं तू? कोण पोरगी आहे ती? गाणं म्हणते आणि फोन ठेवून देते!"

दुपारपर्यंत एकोणीस फोन आले. वहिनींचा चेहरा असा खुलला होता की मी दोनदा उगीचच तिकडून फेरी मारून आलो. आणि याच आनंदात सगळा घोटाळा झाला.

बाई म्हणाल्या, "वहिनी, आता टेबलावर जेवायचं नाही. फोन वळवता येतो. चला आमच्याबरोबर. कुणाकडे वळवू, चौदाकडे? तुमचे दीरच आहेत."

"भाऊजींकडे नको," वहिनी म्हणाल्या.

"का?"

वहिनींनी डबा उचलला. "बरं, राहू दे. अर्ध्या तासाचा तर प्रश्न," म्हणाल्या. सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा त्या सगळ्यांबरोबर जेवायला बसल्या.

नऊ चौदावर वळला. आणि चौदा, माझ्या कृपेने, आधीच नऊवर वळलेला. जुन्या बोर्डावर वायर एका ठिकाणी खोचली की तिथेच जायची. वळवलेला फोन पुन्हा वळतो हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. पहिला फोन आला तो नऊवरून चौदावर, चौदावरून नऊवर, आपलीच शेपटी धरायला निघालेल्या कुत्र्यासारखा फिरत राहिला. दुसरा आला तोही त्याच्या मागे. पाच मिनिटांत सगळ्या लाइन भरल्या. धाकटे साहेब परगावच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलत होते, त्यांचाही फोन मधेच तुटला आणि पुन्हा लागेना.

बाईंनी दोन्हीकडचं वळवणं काढलं तेव्हा लाइन मोकळ्या झाल्या, आणि अर्ध्या तासाने आम्ही तिघं साहेबांच्या खोलीत. बाईंनी सगळं खरं सांगितलं. मीही माझ्या वळवण्याची कबुली दिली. कामाचा व्याप फार, म्हणालो. साहेब तापले होते.

"न विचारता नियम बदलता? महिना वगैरे राहू द्या. मेनू पूर्वीसारखा करा, आणि वहिनी, तुम्ही उद्यापासून पॅकिंगला."

वहिनींनी नंबरांचा कागद पुढे केला. "साहेब, एकशे बेचाळीस फोन. यांना मेनू ऐकू येत नाही."

"मी तो मेनू शंभर वेळा ऐकलाय. स्वच्छ आहे. हे लोक कंटाळून ठेवत असतील. ऐकू येत नाही असा एक माणूस दाखवा मला. एक."

आता आठवलं की कळतं, त्या वेळी वहिनींनी माझ्याकडे चुकूनसुद्धा पाहिलं नाही. खिडकीकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. खुर्ची जात होती, आणि तरी त्या गप्प.

झाकली मूठ सव्वा लाखाची, आणि माझी चांगली चार-पाच वर्षं झाकलेली होती. लोक पुटपुटतात, टीव्हीवाल्या पुटपुटतात, कामाचा व्याप आहे, म्हणून फोन वळवला: नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? कानाच्या मशीनच्या कंपनीत आवक-जावकच्या माणसाला ऐकू येत नाही म्हटलं तर लोक हसतील, नोकरी जाईल, म्हातारा झालो असं होईल. या सगळ्याची मला भीती होती, खरीखुरी.

"एक आहे साहेब," मी म्हणालो.

"कोण?"

"मी."

साहेब काहीतरी बोलले. मी म्हणालो, "हे बघा, आत्ता काय बोललात तेही मला नीट कळलं नाही. तुमच्या मोबाइलवरून आपल्या कंपनीला फोन लावा आणि माझ्या हातात द्या."

त्यांनी लावला. वहिनी कधी खोलीतून गेल्या ते मी पाहिलं नाही. मी मोबाइल कानाला गच्च दाबला. संगीत वाजलं, त्यात ती गोड बाई कुठेतरी बुडून गेली. 'दाबा' एवढं कळलं. काय आणि कशासाठी, देव जाणे. मी साहेबांकडे बघत उभा राहिलो, बोट कुठेच लावलं नाही. मग सगळं थांबलं, एक घंटा झाली, आणि कानात एक एक शब्द वेगळा, स्वच्छ आला:

"हं, मी ऐकतेय. सावकाश सांगा."

"वहिनी, मी बोलतोय."

"माहीत आहे, भाऊजी."

साहेबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि बंद केला. मग माझ्यापुढे येऊन, तोंड समोर ठेवून, मोठ्याने विचारलं, "किती वर्षं?"

"चार. पाच असतील."

"आणि आपण विकतो काय?"

"दिव्याखाली अंधार, साहेब."

ते हसले. हसल्यावर माणूस ताठ राहू शकत नाही. वहिनींची खुर्ची राहिली, नऊची ओळ फाइलमध्ये राहिली. गोड आवाजाच्या त्या बाईची सुट्टी झाली. मेनू वहिनींनी स्वतःच्या आवाजात भरला, संगीत वगळून. जेवणाच्या वेळी नऊ आता दुरुस्ती खात्याकडे जातो. बाईंनी आमची ही युक्ती त्या जगभरच्या गटावर लिहून टाकली, आणि कुठल्याशा दवाखान्याने ती उचलून आभार कळवले. वहिनींनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं. साहेबांनी मला दुसऱ्याच दिवशी तपासणीला पाठवलं, आणि माझ्या जन्मात पहिल्यांदा मी आमचा माल आतून बघितला.

साहेबांच्या खोलीत हे झालं त्याच संध्याकाळी मी वहिनींना विचारलं, "तुम्हाला आधी ठाऊक होतं?"

"चार वर्षं झाली. मी घरात कुणासाठी खालच्या आवाजात बोलते असं वाटलं तुम्हाला? तुमच्या दादांना तर शेजारच्या घरातलंही ऐकू येतं."

"मग म्हणाला का नाहीत कधी? आज तर खुर्ची जात होती तुमची."

"काही न दाबणाऱ्या माणसाला घाई करायची नसते," त्या म्हणाल्या आणि भाजी वाढली.

आठ दिवसांनी मशीन कानात घालून मी जेवायला खाली उतरलो. ताट लागलेलं, दादा तोंडात सुई धरून काहीतरी सांगत होता. सांगायला हरकत नाही, तो खरोखरच पुटपुटतो. तेवढ्यात आतून कुणीतरी बाई भरभर, पातळ आवाजात ओरडली, "अहो, ती सुई काढा आधी तोंडातून, शंभरदा सांगितलंय, आणि भाऊजींना पाणी द्या!" मी दाराकडे बघत राहिलो. कोण पाहुणी आली, मला कळेना. हातात भांडं घेऊन वहिनी बाहेर आल्या. मला बघून थबकल्या, आणि लगेच आवाज खाली आणला.

"फार भरभर बोलले का?"

"नाही," मी म्हणालो. "तसंच बोला."